मधली खुर्ची

पॉल पोपेनो या अमेरिकन माणसाने १९१३ साली खजुराच्या लागवडीवर एक पुस्तक लिहिलं. वडिलांच्या रोपवाटिकेसाठी जातिवंत रोपं शोधत तो देशोदेशी हिंडला होता. झाडांची जात सुधारता सुधारता त्याला माणसांची जात सुधारण्याचा नाद लागला. 'अयोग्य' माणसांची नसबंदी करावी असा प्रचार त्याने पुस्तकं लिहून केला. उलट बाजूने, 'योग्य' माणसांची, म्हणजे त्याच्या लेखी गोऱ्या मध्यमवर्गीयांची, लग्नं टिकावीत आणि त्यांना भरपूर मुलं व्हावीत म्हणून १९३० साली लॉस एंजेलिसमध्ये एक संस्था काढली. अमेरिकेतल्या विवाह-समुपदेशनाची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणी झाली त्यांतलं हे एक. मानसशास्त्राची पदवी पोपेनोकडे नव्हती. नावाआधीचं 'डॉक्टर' मानद होतं.

१९५३ साली 'लेडीज होम जर्नल' या महिला मासिकात 'हे लग्न वाचवता येईल का?' हे सदर सुरू झालं. त्यातली प्रकरणं पोपेनोच्या संस्थेतून येत. आधी बायको आपली बाजू सांगायची, मग नवरा, आणि शेवटी समुपदेशक दोघांचं ऐकून निवाडा द्यायचा. दोघांना समान संधी, मध्ये एक निःपक्षपाती जाणकार. वाचकांना हे फार आवडलं आणि सदर अनेक दशकं चाललं. पण इथे रोगी कोण होता? नवरा नव्हे, बायकोही नव्हे. रोगी होतं लग्न, आणि औषध मासिक वाचणारीच्या घशात जाणार होतं.

पोपेनोला सुप्रजननवादी म्हणून बाजूला काढणं सोपं आहे. अवघड प्रकरण पुढच्या पिढीचं आहे, कारण ती माणसं खरोखर हुशार होती आणि त्यांची दानतही चांगली होती.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे ग्रेगरी बेटसन, डॉन जॅक्सन, जे हेली आणि जॉन वीकलंड या मंडळींनी मानसोपचाराची दिशाच फिरवली. तोवर डॉक्टर एकट्या रोग्याच्या मनात शिरून बघत. या मंडळींचं म्हणणं असं, की माणूस एकटा आजारी पडत नाही. घर ही एक व्यवस्था असते, तिच्यात प्रत्येकाचं वागणं दुसऱ्याच्या वागण्याला उत्तर असतं. ती सारखी बोलते म्हणून तो पेपरात तोंड खुपसतो, आणि तो पेपरात तोंड खुपसतो म्हणून ती सारखी बोलते. सुरुवात कुणी केली हे शोधणं व्यर्थ, कारण वर्तुळाला सुरुवात नसते. आपल्या आज्या हे तत्त्वज्ञान एका वाक्यात सांगत आल्या आहेत: टाळी एका हाताने वाजत नाही.

या विचाराने दिलासा मोठा मिळाला. कुणालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची गरज उरली नाही. समुपदेशकाने मधल्या खुर्चीत बसायचं, कुणाचीही बाजू घ्यायची नाही, आणि वर्तुळ कुठे तोडता येतं ते बघायचं.

मात्र वर्तुळ तोडायचं म्हणजे कुठेतरी एका जागी हात घालावा लागतो. तो कुठे घालायचा हे वर्तुळ सांगत नाही, समुपदेशक ठरवतो. आणि बहुतेक समुपदेशकांचा हात बायकोच्या बाजूला पडायचा. यात कपट नव्हतं, सोय होती. फोन तिने केलेला, वेळ तिने घेतलेली, नवऱ्याला गळ घालून तिने आणलेलं. बदलाची गरज तिला, म्हणून सांगितलेला अभ्यासही तीच करणार. तेव्हा तिला म्हणायचं, महिनाभर त्यांच्या मागे लागू नका, बघा काय होतं ते. गंमत म्हणजे हा उपाय पुष्कळदा लागू पडायचा. ती बोलायची थांबली की घरात शांतता व्हायची, दोघं निवांत दिसायची, आणि नोंदवहीत 'सुधारणा' असं लिहिलं जायचं. ती ज्याबद्दल बोलत होती ते जिथल्या तिथे असायचं.

या सोयीवर पहिला नेमका आघात झाला १९७८ साली. रेचेल हेअर-मस्टिन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 'फॅमिली प्रोसेस' या त्या क्षेत्रातल्या मानाच्या नियतकालिकात स्त्रीवादी कुटुंबोपचारावर निबंध लिहिला. कुटुंब हे समाजापासून तुटलेलं बेट असल्यासारखं उपचारक वागतात, आणि मग समाजातली विषमता घरात शिरलेली त्यांना दिसत नाही, असा त्याचा रोख होता. त्याच सुमारास मॅरिॲन वॉल्टर्स, बेटी कार्टर, पेगी पॅप आणि ओल्गा सिल्व्हरस्टाइन या चौघी एकत्र आल्या. चौघींच्या उपचारपद्धती वेगवेगळ्या, काही बाबतींत एकमेकींशी न पटणाऱ्या. तरी त्यांनी दहाएक वर्षं मिळून काम केलं आणि १९८८ साली 'द इन्व्हिजिबल वेब' हे पुस्तक काढलं. त्या बाहेरून दगड मारणाऱ्या नव्हत्या. रोज नवरा-बायकोंना समोर बसवणाऱ्या, या धंद्यात मुरलेल्या बायका होत्या, म्हणून त्यांचं बोलणं झोंबलं.

माझ्या मते सगळ्यात अचूक बोट ठेवलं ते व्हर्जिनिया गोल्डनर यांनी, १९८५ आणि १९८८ च्या दोन निबंधांत. कुटुंबोपचारकांना अधिकार हा विषय वर्ज्य नव्हताच. आईबाप वर आणि मुलं खाली, ही उतरंड नीट नसेल तर घर बिघडतं, हे ते छातीठोकपणे सांगत. मूल आईबापांवर सत्ता गाजवत असेल तर ते लगेच ओळखत, त्यावर इलाज करत. म्हणजे पिढ्यांमधली सत्ता स्वच्छ दिसत होती. मग नवरा-बायकोंमधली का दिसू नये? तिथे आल्यावर दोघं समान आहेत असं गृहीत धरून काम का सुरू व्हावं? गोल्डनर यांचं म्हणणं, घर दोन खांबांवर उभं असतं, एक पिढीचा आणि दुसरा लिंगभावाचा. उपचारशास्त्राने एकाच खांबाचा नकाशा काढला होता.

या टीकेला पुढे प्रयोगाचंही बळ मिळालं. बायको मागणी करते आणि नवरा अंग काढून घेतो, हे जगभर दिसणारं चित्र आहे. बायका स्वभावानेच कटकट्या आणि पुरुष स्वभावानेच घुमे, असा त्याचा अर्थ लावला जायचा. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि क्रिस्टोफर हेवी यांनी १९९० साली छापलेल्या प्रयोगात जोडप्यांना दोन वेगवेगळ्या विषयांवर बोलायला लावलं: एकदा बायकोला नवऱ्यात हवा असलेला बदल, एकदा नवऱ्याला बायकोत हवा असलेला बदल. पहिल्या विषयावर नेहमीचं चित्र ठळक उमटलं. दुसऱ्या विषयावर ते जवळजवळ पुसलं गेलं. म्हणजे मागे लागणं हा बराचसा परिस्थितीचा परिणाम. ज्याला आहे ते बदलून हवं असतं तो बोलतो. ज्याचं आहे त्यात बरं चाललंय, त्याने गप्प बसलं की काम झालं. काहीही न करता ज्याच्या मनासारखं होतं, त्याची सत्ता डोळ्यांना दिसत नाही.

लग्नातली सत्ता मोजायची कशी, हा समाजशास्त्रज्ञांचा जुना झगडा आहे. रॉबर्ट ब्लड आणि डोनाल्ड वुल्फ यांनी १९६० साली छापलेल्या अभ्यासात डेट्रॉइट परिसरातल्या बायकांना आठ निर्णयांबद्दल विचारलं होतं. गाडी कोणती घ्यायची, घर कोणतं, विमा काढायचा का, नवऱ्याने कोणती नोकरी धरायची, डॉक्टर कोणता, किराण्यावर किती खर्च करायचा, वगैरे. कोण किती ठरवतं याची बेरीज म्हणजे सत्ता. जो जास्त कमावतो, जास्त शिकलेला असतो, तो जास्त ठरवतो, असा निष्कर्ष. नवऱ्यांना विचारलंच नव्हतं, हा एक दोष. दुसरा मोठा: गाडीचा निर्णय आणि किराण्याचा निर्णय एकाच वजनाचे धरले होते. कॉन्स्टंटिना साफिलिओस-रॉथशिल्ड या ग्रीक समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यातली मेख दाखवली. एक सत्ता असते कुणी काय ठरवायचं हे ठरवण्याची, आणि दुसरी असते ते रोज उठून पार पाडण्याची. दुसरी वेळखाऊ, पहिलीला दोन मिनिटं लागतात. 'घरातलं सगळं हीच बघते, मी कशातच लक्ष घालत नाही' असं अभिमानाने सांगणारे गृहस्थ आपल्या ओळखीत असतातच. लक्ष न घालण्याचा निर्णय कुणाचा, हे तेवढं विचारायचं राहून जातं.

आफ्के कोम्टर यांनी १९८९ साली डच जोडप्यांवरच्या अभ्यासात आणखी खोल खणलं. त्यांना उघड भांडणं थोडीच सापडली. जास्त सापडलं ते मागणी करण्याआधीच सोडून देणं: कशाला बोलायचं, उगाच तोंड वाजेल, त्यांना काही फरक पडणार नाही. आणि त्याच्याही खाली दोघांनी मिळून मानलेली कारणं. तिला स्वच्छतेची आवड आहे. त्याला मुलांचं तेवढं जमत नाही. ही कारणं नवरा देतो तशीच बायकोही देते. आपल्याकडे 'तिच्या हाताला चव आहे' हे कौतुक ऐकणारीला त्यात जन्माची ड्यूटी लागल्याचं कळत नाही, निदान लगेच कळत नाही.

आर्ली हॉक्शिल्ड यांच्या 'द सेकंड शिफ्ट' (१९८९) या पुस्तकातल्या एका जोडप्याची गोष्ट या विषयावर काम करणारे सगळेच सांगतात, कारण ती विसरता येत नाही. नाव बदलून त्यांना नॅन्सी आणि इव्हान होल्ट म्हटलं आहे. दोघं नोकरी करणारी. घरकाम निम्मं-निम्मं व्हावं म्हणून नॅन्सी वर्षानुवर्षं झगडली, लग्न मोडायच्या बेताला आलं. मग तोडगा निघाला: वरचा मजला तिचा, खालचा त्याचा. वरच्या मजल्यावर होतं स्वयंपाकघर, दिवाणखाना, झोपायच्या खोल्या, मूल. खाली होतं गॅरेज, गाडी आणि कुत्रा. आता आमच्यात समान वाटणी आहे, असं नॅन्सी समाधानाने सांगू लागली. हे जोडपं तेव्हा समुपदेशकाकडे गेलं असतं तर त्यांच्यात भांडण उरलेलंच नसतं. तटस्थ समुपदेशकाला तिथे कामच दिसलं नसतं.

भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बायका रोज सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आलं. हे ८८ सगळ्या पुरुषांचे नाहीत. घरकामाला मुळात हात लावणाऱ्या पुरुषांचे आहेत.

मग मधल्या खुर्चीतल्या माणसाने करायचं काय? टीका करणं सोपं, समोर बसलेल्या दोघांशी मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला काय बोलायचं ते अवघड. 'द इन्व्हिजिबल वेब'च्या चौघींनी आणि त्यांच्या पाठोपाठच्या उपचारकांनी सुरुवात प्रश्न बदलण्यापासून केली. इथे यायला सुट्टी कुणी काढली? फी कुणाच्या खात्यातून जाते? दोघांची मिळकत किती, आणि दुसऱ्याची किती हे प्रत्येकाला ठाऊक आहे का? तुम्ही 'नाही' म्हणालात तर पुढे काय होतं? बेटी कार्टर यांचा तर पैशाचा विषय लवकर काढण्यावर भर असे. जोडपी शरीरसंबंधांबद्दल बोलतील, पण पगाराची चिठ्ठी दाखवताना अवघडतात.

कारमेन नडसन-मार्टिन आणि ॲन रँकिन महोनी यांचं काम यापुढचं. त्यांना भेटलेली तरुण जोडपी 'आम्ही समान आहोत' असं म्हणतच येत, आणि तसं मानतही. त्यांनी मग बारीकसारीक गोष्टी पाहिल्या. कुणाच्या वेळापत्रकाभोवती घर फिरतं? दुसऱ्याचा मूड कोण आधी ओळखतं? कोण आपलं म्हणणं मऊ करून मांडतं? यातून पुढे आलेल्या उपचारपद्धतीतली एक युक्ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. वर्तुळ तोडायला हे उपचारक बलवान जोडीदारापासून सुरुवात करतात. आधी त्याने तिचं ऐकायचं, ते आपल्या शब्दांत सांगायचं, ते ऐकून आपल्याला काय वाटलं तेही सांगायचं. पोपेनोच्या काळापासून चालत आलेला क्रम उलटा झाला. जॉन गॉटमन यांच्या प्रयोगशाळेतूनही १९९८ साली याच्याशी जुळणारं काही आलं: बायकोच्या सांगण्याचा स्वतःवर परिणाम होऊ देणाऱ्या नवऱ्यांची लग्नं जास्त टिकलेली दिसली. गॉटमन स्वतःला काही स्त्रीवादी चळवळीतले म्हणवत नव्हते, म्हणून त्या निष्कर्षाला वेगळं वजन आलं.

मारहाण असेल तिथे मात्र युक्त्यांची भाषा पुरत नाही. मिशेल बोग्रॅड यांनी १९८४ साली सरळ लिहिलं, की बायकोला मारणं हा 'दोघांमधला आकृतिबंध' मानणारी पद्धत मारणाऱ्याची जबाबदारी निम्मी करून टाकते. आणि धोका केवळ तात्त्विक नाही. समुपदेशकासमोर मोकळेपणाने बोललेल्या वाक्याची किंमत रात्री घरी मोजावी लागते. त्या काळात मिनेसोटातल्या डुलुथ गावी मार खाल्लेल्या बायकांच्या अनुभवांवरून एक चक्र काढलं गेलं, त्याच्या मध्यभागी 'सत्ता आणि नियंत्रण' आणि आऱ्यांवर धमक्या, पैसे रोखणं, माणसांपासून तोडणं, मुलांचा वापर. पोलीस ठाण्यांपासून आश्रयगृहांपर्यंत ते चक्र भिंतींवर लागलं. मारहाणीच्या प्रकरणात नवरा-बायकोला एकत्र बसवायचंच नाही, असा दंडक अनेक ठिकाणी झाला.

गोल्डनर यांना हा दंडक अपुरा वाटला. न्यूयॉर्कच्या ॲकरमन इन्स्टिट्यूटमध्ये पेगी पेन, मार्शिया शाइनबर्ग आणि गिलियन वॉकर यांच्याबरोबर त्यांनी हिंसक जोडप्यांना एकत्र भेटायचं काम हाती घेतलं, कारण यातली अनेक जोडपी पुन्हा पुन्हा एकत्र येतच होती. तिचं त्याच्यावर प्रेम आहे हे नाकारलं तर ती उठून जाते, असा त्यांचा अनुभव. त्यांनी १९९० साली मांडलेली भूमिका तोलायला कठीण आहे: हात उचलण्याची जबाबदारी पूर्णपणे त्याची, तरीही त्याच्या आतली भीती आणि दोघांमधली ओढ समजून घ्यायची, आणि समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे हे खोलीत सतत जागं ठेवायचं. अनेक स्त्रीवादी सहकाऱ्यांना हा घसरडा उतार वाटला. पुढे मायकल जॉन्सन यांनी १९९५ साली दोन प्रकार वेगळे काढले: एक दहशतीने माणूस ताब्यात ठेवणारी हिंसा, दुसरी भांडण चिघळून झालेली. दुसऱ्या प्रकारात, नीट पारख करून, एकत्र उपचारांचा उपयोग होतो असं सँड्रा स्टिथ आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं. पण पहिला प्रकार ओळखायचा कुणी, आणि चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर, हा प्रश्न संपत नाही. माझा कल गोल्डनर यांच्याकडे आहे, मात्र ज्यांच्याकडे त्यांच्याइतकी तयारी नाही त्यांनी तो मार्ग धरू नये असंही वाटतं.

या स्त्रीवादी उपचारक बायकांची स्वतःचीही एक आंधळी बाजू होती. त्या बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या. नॅन्सी बॉइड-फ्रँकलिन यांनी काळ्या कुटुंबांवर १९८९ साली लिहिलं तेव्हा कळलं, की तिथे नवऱ्याच्या सत्तेआधी पोलीस, घरमालक आणि सरकारी कचेरीची सत्ता दारात उभी असते. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ साली दाखवलं, की अमेरिकेत लग्न करून आलेल्या परदेशी बायका कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी नवऱ्यावर अवलंबून असत, म्हणून मार खाऊनही सोडून जात नसत. पुण्या-नाशकातून एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधाराने, तिकडे गेलेल्या मराठी इंजिनियर मुलींना हे वेगळं सांगायला नको. २०१५ मध्ये त्यांच्यातल्या काहींना नोकरीची परवानगी मिळाली, त्याआधी ती मुभा नव्हती. नवऱ्याची नोकरी गेली की तिचाही मुक्काम संपला. अशा घरात समुपदेशकाने कितीही समान वेळ वाटून दिला तरी एकाचा पासपोर्ट दुसऱ्याच्या पासपोर्टाला टाचलेला असतो.

आपल्याकडे हा वाद उपचारकांच्या खोलीपेक्षा पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात जास्त झाला. १९८४ साली दोन गोष्टी घडल्या. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आणि संसदेने कौटुंबिक न्यायालयांचा कायदा केला. कौटुंबिक न्यायालयं असावीत ही महिला संघटनांचीही मागणी होती. हातात कायदा पडला तेव्हा त्याच्या उद्देशातच समेट आणि झटपट तडजोड हे शब्द होते. वकिलांना हक्काने उभं राहता येणार नाही, समुपदेशक असेल, न्यायाधीश आधी तडजोडीचा प्रयत्न करील. फ्लेव्हिया ॲग्नेस यांच्यासारख्या वकिलांनी यावर सातत्याने टीका केली, की अशा समेटाचा भार बाईवर पडतो. 'हे लग्न वाचवता येईल का?' हाच प्रश्न, आता सरकारी शिक्क्यासह.

त्यानंतर बावीस वर्षांनी, कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत, भारतीय कायद्याने मधल्या खुर्चीबद्दल एक असाधारण गोष्ट लिहून ठेवली. समुपदेशनात प्रतिवादीला आपल्या हिंसेचं समर्थन मांडता येणार नाही, आणि हे त्याला बैठक सुरू होण्याआधीच सांगायचं. तडजोडीचा प्रयत्न करायचा तोही तिची इच्छा असेल तर. तिने टोमणा मारला म्हणून माझा हात उठला, हे वाक्य त्या खोलीत बाद. बोग्रॅड जे नियतकालिकात मांडत होत्या ते इथे राजपत्रात छापून आलं. किती समुपदेशक हा नियम पाळतात हा भाग वेगळा. 'टाळी एका हाताने वाजत नाही' ही म्हण राजपत्राने हद्दपार होत नाही.

त्यातून पोलिसांच्या विशेष कक्षात येणाऱ्या अनेक बायकांची मागणी घटस्फोटाची नसतेच. 'त्यांना बोलावून घ्या, जरा समजावून सांगा, मला नांदायचंय', एवढंच असतं. इथे स्त्रीवादी समुपदेशकाची खरी पंचाईत होते. तिला समानता हवी आहे असं आपणच ठरवलं, तर तिच्यावर सत्ता गाजवणारं आणखी एक माणूस वाढलं. तिने मागितलं तेवढंच दिलं, तर कोम्टर यांना सापडलेलं ते न मागणं आपणही मान्य केलं. यातून सुटका करणारं सूत्र कुणाकडे नाही. ज्यांना या कामाची सवय आहे त्या आधी तिला एकटीला बसवतात, आणि घर कुणाच्या नावावर आहे, हाताशी पैसे किती आहेत, माहेरचे घेतील का, आज रात्री कुठे झोपणार, हे विचारून घेतात. ही उत्तरं मिळाल्यावर मग नवऱ्याला फोन जातो.